कमलाबाई आणि विमानाचे पांढरे तळ

मिनेसोटात, ईडन प्रेरी गावातल्या, प्लॅस्टिक कापून देणाऱ्या त्या शॉपमध्ये कुणाचं काम अडलं की तो मालकाच्या केबिनकडे वळत नसे, सरळ मागच्या दाराजवळच्या मोठ्या करवतीकडे जाई. तिथे कानांवर इअरमफ, डोळ्यांवर जाड गॉगल आणि केसांचा घट्ट अंबाडा अशा थाटात कमलाबाई रामटेके उभ्या असत. हातातला कट पुरा केल्याशिवाय त्या मान वर करत नसत. मग करवत बंद करायच्या, गॉगल कपाळावर चढवायच्या आणि "हं, काय झालं?" असं चक्क मराठीत विचारायच्या. एवढं मराठी सोळा वर्षांत सगळ्या शॉपला कळायला लागलं होतं.

१९७९ साली त्या तिथे लागल्या त्या खोकी बांधायला. नवरा भानुदास नागपूरहून केमिस्ट्री शिकून इकडे आलेला आणि पाणी तपासायच्या सरकारी लॅबमध्ये चिकटलेला. मुलगी उपासना तेव्हा तीन वर्षांची. खिडकीतून बर्फ बघत दिवस काढायचा कमलाबाईंना मनस्वी कंटाळा आला, म्हणून त्यांनी शेजारणीला मुलगी सांभाळायला लावली आणि नोकरी धरली. दोन वर्षांत त्या खोक्यांवरून करवतीवर आल्या. तिथे एक पांढरंशुभ्र, हाताला मेणासारखं लागणारं जाड प्लॅस्टिक यायचं. धान्याच्या कोठारातल्या घसरणींना आतून ते लावत, बर्फ ढकलणाऱ्या ट्रकांना लावत, हॉकीच्या मैदानाच्या कडांना लावत. जिथे काही चिकटू नये, अडकू नये आणि वर्षानुवर्षं घासूनही झिजू नये, तिथे ते जायचं. कमलाबाईंना त्याचा स्वभाव घरच्या माणसासारखा पाठ झाला होता. ते कशाने रुसतं, कशाने ऐकतं, कुठली करवत लावली की वितळून दात धरतं, हे सांगायला त्यांना कागद लागत नसे.

१९९५ च्या डिसेंबरात एका सकाळी आर्डिस नावाची एक सत्तरीची बाई पुढच्या काउंटरवर आली. उंच, सडपातळ, डोक्यावर नवऱ्याची जुनी कानटोपी. तिने पिकअपमधून दोन लांबट वस्तू आणून फरशीवर ठेवल्या आणि मालकाला म्हणाली की तुमचं प्लॅस्टिक खराब निघालं.

त्या वस्तू म्हणजे विमानाच्या स्की होत्या. मिनेसोटात हिवाळ्यात तळी गोठली की लहान विमानांची चाकं काढून त्या जागी अशा पाच-पाच फुटी धातूच्या घसरपट्ट्या बसवतात आणि मग विमान थेट बर्फावर उतरतं. आर्डिसकडे १९४६ सालचं एक एरॉन्का होतं. दोन माणसांचं, कापडी पंखांचं, पिवळ्या रंगाचं. नवऱ्याने ते जुनं विकत घेतलं होतं आणि तो गेल्यावर तिने ते विकायला साफ नकार दिला होता. तिची बहीण दोन तळी ओलांडून पलीकडच्या शेतावर राहायची. हिवाळ्यात दर रविवारी आर्डिस तिच्याकडे विमानाने जेवायला जायची. पण स्कीचे मूळचे पत्र्याचे तळ पन्नास वर्षांत गंजून खरखरीत झाले होते. ओला बर्फ त्यांना असा धरून बसायचा की विमान जागचं हलायचं नाही. कुणीतरी तिला सांगितलं की पांढरं प्लॅस्टिक लाव. ऑक्टोबरात तिने याच शॉपमधून पट्ट्या नेल्या आणि आपल्या गराजमध्ये, हीटर लावून, स्वतःच्या हाताने स्क्रूने घट्ट आवळल्या. पहिली कडाक्याची थंडी पडली आणि पट्ट्या भोकाभोकांतून चिरल्या.

मालकाने तोंडभर दिलगिरी व्यक्त केली आणि पट्ट्या बदलून देतो म्हणाला. एवढ्यात काहीतरी आणायला कमलाबाई पुढे आल्या. त्या खाली बसल्या, चिरलेल्या भोकातून करंगळी फिरवली आणि म्हणाल्या की प्लॅस्टिक चांगलं आहे, भोकं चुकली आहेत.

आर्डिसने कानटोपी काढली. "कशी काय चुकली?"

कमलाबाईंनी मग तिला आपल्या वडिलांची गोष्ट सांगितली. वडील अजनीला रेल्वेत गँगमन होते. लहानपणी त्यांचा डबा घेऊन जाताना कमलाबाईंनी एकदा विचारलं होतं की दोन रुळांमध्ये ही फट कशाला ठेवता, गाडी नुसती खडखड करते. वडील म्हणाले होते की उन्हात लोखंड फुगतं, त्याला जागा नाही दिली तर ते आपली जागा स्वतः करून घेतं, आणि मग गाडी रुळावर राहत नाही. "हे प्लॅस्टिक लोखंडापेक्षा कितीतरी जास्त फुगतं आणि आक्रसतं," कमलाबाई म्हणाल्या. "तुम्ही गरम गराजमध्ये आवळलं. बाहेर उणे वीस झालं, की पाच फुटांची पट्टी जवळजवळ अर्धा इंच आखूड होते. स्की होत नाही. मग ती बिचारी चिरेल नाही तर काय करेल?"

हे सगळं त्या आपल्या नागपुरी इंग्रजीत बोलल्या. आर्डिसला शब्द सगळे कळले नसतील, पण करंगळीने दाखवलेला अर्धा इंच कळला. तिने विचारलं, मग तू बसवून देशील का?

मालक मधे पडला. विमानाच्या भानगडीत आपल्या शॉपने पडायचं नाही, उद्या काही झालं तर वकील दारात उभे राहतील, असं त्याचं म्हणणं. कमलाबाईंनी ते ऐकून घेतलं आणि मग विचारलं की शनिवारी मी माझ्या वेळात कुणाच्या कोठारात जाऊन काय करते, ते तर शॉपचं काम नाही ना? मालक छताकडे बघत, शॉपचं ड्रिल न्यायचं असेल तर ने, म्हणाला.

भानुदासांना हे अजिबात पसंत पडलं नाही. त्यांच्या मते पाण्याचा नमुना चुकला तर दुसरा घेता येतो, विमानाचं तसं नसतं. उपासना युनिव्हर्सिटीतून घरी आली होती. ती म्हणाली, "बाबा, शी नोज हर स्टफ. लेट हर," आणि फ्रीज उघडून पोळ्या शोधायला लागली. शनिवारी भानुदास गाडी स्वतः चालवत बरोबर आले. आर्डिसच्या कोठारात एका स्टुलावर कोट न काढता बसले आणि दुपारपर्यंत पट्ट्यांचं दुसरं टोक धरायचं काम त्यांच्याकडे आपोआप आलं.

तिथेच डुएन भेटला. विमानाच्या कामावर सही करायचा अधिकार असलेला हा मेकॅनिक साठीचा होता आणि दिवसाला जेमतेम पंचवीस शब्द बोलायचा. त्याच्या सहीशिवाय ते विमान उडू शकत नव्हतं. त्याने पट्टीचा मधला भाग पक्का करून दोन्ही टोकं मोकळी ठेवावीत असं सुचवलं. कमलाबाईंनी मान हलवली. पुढचं टोक मोकळं राहिलं तर बर्फ त्याच्या खाली शिरेल आणि पट्टी केळीच्या सालीसारखी सोलेल. पुढून पक्की करायची, नाकाच्या वळणावर गरम करून वाकवायची, वरून धातूची पट्टी दाबायची आणि मागे जाल तशी भोकं लांबट करत न्यायची, म्हणजे आक्रसताना सगळी पट्टी पुढच्या बाजूला सरकेल. स्क्रूची डोकी प्लॅस्टिकच्या पोटात खोल बुडवायची. डुएनने खुणा करायची आपली पेन्सिल कमलाबाईंना दिली.

तीन शनिवार लागले. जुन्या पत्र्याच्या तळाखाली मधोमध पेन्सिलीएवढी जाड एक लोखंडी सळई लांबीभर होती, ती पार गंजली होती. डुएनने विचारलं, ही परत लावणार ना? कमलाबाईंना ती नको वाटली. इतका सुरेख, गुळगुळीत तळ केला होता. वरून हात फिरवला तर दुधाच्या सायीसारखा लागत होता. त्यावर गंजकं लोखंड कशाला, आणि घसरायला अडथळाच होईल, असं त्यांनी सांगितलं. डुएनचे त्या दिवसाचे शब्द बहुधा संपले असावेत. तो म्हणाला, चाचणी घेऊन बघू.

जानेवारीतल्या एका लख्ख दुपारी विमान तळ्यावर आणलं. तळ्यावर मासे धरणाऱ्यांच्या लाकडी खोल्या होत्या. बर्फाला भोक पाडायचं, वर ती खोली ठेवायची, आत शेगडी पेटवायची आणि गळ टाकून बसायचं, हा तिथल्या लोकांचा हिवाळ्याचा उद्योग. त्या खोल्यांपासून बरंच लांब विमान उभं केलं. त्याला स्टार्टर नव्हता, पंखा हाताने फिरवून सुरू करावं लागे. म्हणून शेपूट डुएनच्या ट्रकला दोराने बांधलं, इंजिन धडधडलं, दोर सोडला आणि आर्डिस अशी सुटली की कमलाबाईंना श्वास घ्यायचं भान राहिलं नाही. पूर्वी तिला निम्मं तळं लागायचं, आता पाव तळ्यातच ती वर गेली. एक फेरी मारून उतरली तेव्हा बर्फावर टेकल्याचं कळलंसुद्धा नाही. ती घसरत आली, घसरत राहिली, त्यांच्यासमोरून हात हलवत पुढे गेली आणि बऱ्याच वेळाने पार तिकडे जाऊन थांबली. भानुदासांनी टाळ्या वाजवल्या. जाड हातमोज्यांमुळे त्यांचा आवाज आला नाही.

आर्डिस विमान परत घेऊन आली, इंजिन बंद केलं आणि सगळे ट्रकच्या मागे कॉफी प्यायला जमले. दोर बांधायचा राहून गेला. तेवढ्यात पश्चिमेकडून वारा उठला. कमलाबाईंची पाठ ट्रकला होती, तोंड विमानाकडे, म्हणून त्यांनाच पहिल्यांदा दिसलं की विमान हळूच, आवाज न करता, आडवं निघालं आहे. आत कुणीही नाही.

त्यांनी कप टाकला आणि धावल्या. पंखाखालच्या दांडीला दोन्ही हातांनी लटकल्या. पण त्यांच्या बुटांचे तळही झिजून गुळगुळीत, खाली आरशासारखा बर्फ. विमान थांबेना, उलट त्यांनाच घेऊन चाललं. मागून आर्डिस, तिच्या मागून दोर घेऊन डुएन, सगळ्यांत मागे एका हातात थर्मास घेऊन भानुदास, अशी वरात तळ्यावरून निघाली. कमलाबाई विमानाला नागपुरीत जे काही बोलत होत्या ते भानुदासांनी पुढे कधीही कुणाला सांगितलं नाही. शंभर पावलांवर मासे धरणाऱ्यांची एक हिरवी खोली होती. विमानाचं शेपूट अलगद तिच्या भिंतीला टेकलं, खोलीच्या धुराड्याचं नळकांडं वाकडं झालं आणि सगळं थांबलं.

खोलीचं दार उघडलं. आतून एक म्हातारा बाहेर आला, हातात गळ. त्याने विमानाकडे पाहिलं, दांडीला लटकलेल्या कमलाबाईंकडे पाहिलं, वाकड्या नळकांड्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाला, "हे तुम्ही इथून हलवाल असं वाटतं."

कमलाबाईंनी माफी मागितली. तो म्हणाला, काही हरकत नाही, तसेही मासे लागत नव्हते. डुएन येऊन बर्फावर बसला आणि हसायला लागला. आर्डिस सांगते की तीस वर्षांच्या ओळखीत तिने त्याला तसं हसताना पहिल्यांदा पाहिलं. शेपटाला ओरखडासुद्धा आला नव्हता.

कमलाबाई मात्र हसल्या नाहीत. घरी जाताना गाडीत त्या एकदाच बोलल्या, "चूक माझी आहे. सळई घसरायला अडथळा म्हणून नव्हतीच. ती वाट धरायला होती." घसरण्याचं सगळं त्यांच्या हाताखालून गेलं होतं, पण धान्याच्या घसरणीला दोन्ही बाजूंना भिंती असतात. तळ्याला नसतात, हे त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. पुढच्या शनिवारी त्या नव्या सळया घेऊन गेल्या, प्रत्येक तळाखाली मधोमध एकेक बसवली आणि डुएनला स्पष्ट सांगितलं की तुझं बरोबर होतं. डुएन म्हणाला की पट्ट्यांबाबत तुझं जास्त बरोबर होतं. नंतर त्याने विमानाच्या नोंदवहीत काय काय केलं ते लिहिलं, खाली सही केली आणि सहीच्या वरच्या ओळीत आणखी एक वाक्य घातलं: तळ कमला रामटेके यांनी बसवले. आडनावात दोन चुका होत्या. कमलाबाईंनी त्या दुरुस्त करू दिल्या नाहीत. वहीत खाडाखोड बरी दिसत नाही, म्हणाल्या.

त्या नोंदवहीची गोष्ट, आणि त्याहून जास्त त्या हिरव्या खोलीची गोष्ट, हिवाळा संपायच्या आत आसपासच्या सगळ्या लहान विमानतळांवर पोचली. पुढच्या हिवाळ्यात डुएनच्या हँगरमध्ये भिंतीला टेकून जुन्या स्कींच्या सात जोड्या कमलाबाईंची वाट बघत उभ्या होत्या. त्यातल्या काही लाकडाच्या होत्या, काहींची नाकं मोडलेली. कमलाबाई प्रत्येकीवरून आधी हात फिरवत आणि मग पट्टी लावून मोजत.

तो हिवाळा सरल्यावर एप्रिलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाला मिनियापोलिसच्या हॉलमध्ये नेहमीची तीस-चाळीस माणसं जमली होती. वंदना झाली, मुलांची भाषणं झाली, जेवणाची पानं वाढली गेली. राजेश म्हणून एक तरुण इंजिनिअर नुकताच तिकडे आला होता. तो एका मित्राबरोबर आला होता, तिथल्या कुणाशी फार ओळख नव्हती. कमलाबाईंचं काम ऐकून तो गमतीने म्हणाला, "म्हणजे काकू, तुम्ही विमानाच्या चपला शिवता म्हणा ना."

 चपला शिवण्याचं नाव असं सहज घेतलं की ज्यांच्या जिव्हारी लागतं, अशीच माणसं त्या पंगतीत बसली होती. भानुदासांचा घास हातात राहिला. राजेशलाही आपण काय बोललो ते उशिरा कळलं, तो कानापर्यंत लाल झाला.

कमलाबाईंनी त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. "शिवते ना. आणि चांगल्या शिवते," त्या म्हणाल्या. "विमान उडवणारे सात जण त्या घालून उतरलेत, एकाचाही पाय घसरला नाही. तुम्ही काय शिवता?"

"सॉफ्टवेअर," राजेश म्हणाला.

"ते उसवतं का?"

राजेशने प्रामाणिकपणे सांगितलं की रोज उसवतं. सगळी पंगत हसली, त्यात तोही. पुढच्या हिवाळ्यात डुएनच्या हँगरमध्ये दर शनिवारी जो माणूस पट्टीचं दुसरं टोक धरायला येऊ लागला, तो राजेश. भानुदास त्या कामातून सुटले आणि त्यांनी सगळ्या मापांची रीतसर कोष्टकं करायला घेतली: किती लांबीला, किती थंडीला, किती लांबट भोक. केमिस्ट माणूस, ते काम त्यांच्या हातात फार शोभलं. कोष्टकाच्या प्रती पार अलास्कापर्यंत गेल्या, तिथून फोन यायला लागले. फोन भानुदास घेत, आकडे सांगत, आणि प्रश्न अवघड निघाला की रिसीव्हरवर हात ठेवून आत हाक मारत.

एवढं सगळं होऊनही कमलाबाई स्वतः कधी त्या विमानात बसल्या नव्हत्या. आर्डिस दर वर्षी विचारायची आणि कमलाबाई दर वर्षी काहीतरी सबब सांगायच्या. १९९९ च्या फेब्रुवारीत आर्डिसने सबब चालू दिली नाही. ती म्हणाली, मी त्र्याहत्तरची झाले, डॉक्टर पुढच्या वर्षी उडू देईल की नाही माहीत नाही, आणि माझ्या बहिणीला तुला भेटायचं आहे. कमलाबाईंनी रविवारी सकाळी उठून पाटवड्यांचा रस्सा केला, डबा घट्ट बांधला आणि तो मांडीवर घेऊन मागच्या सीटवर बसल्या. उपासना तेव्हा शिकागोला नोकरी करत होती, ती मुद्दाम आली होती. तिने पट्टा बांधून दिला आणि म्हणाली, "आई, ब्रीद."

विमान निघालं तेव्हा कमलाबाईंनी डोळे मिटले नाहीत, कान टवकारले. खालून येणारा सूर त्या ऐकत होत्या. सळई वाट धरून चालली होती, पट्टी कुठे थरथरत नव्हती, मागचं टोक आवाज करत नव्हतं. मग तो सूर एकदम थांबला, आणि त्यांना क्षणभर वाटलं की काहीतरी बिघडलं. खाली पाहिलं तर तळं दूर जात होतं. मासे धरणाऱ्यांच्या खोल्या काडेपेट्यांएवढ्या झाल्या होत्या, पांढऱ्या शेतांवर झाडांच्या निळ्या सावल्या आखल्यासारख्या पडल्या होत्या. गोठलेल्या नदीवरून हरणांचा एक कळप रांगेने चालला होता. आर्डिस पुढून ओरडून काहीतरी सांगत होती. इंजिनाच्या आवाजात एक शब्द कळत नव्हता, तरी कमलाबाई प्रत्येक वाक्याला हो म्हणत होत्या. त्यातल्याच एका होकाराचा अर्थ, मला चालवून बघायचं आहे, असा निघाला असावा. कारण आर्डिसने दोन्ही हात वर केले आणि कमलाबाईंच्या गुडघ्यांमधली दांडी त्यांच्या स्वाधीन झाली.

त्यांनी ती धरली. एक हात डब्यावर, एक दांडीवर. विमान थोडं डावीकडे झुकलं, त्यांनी करवतीत पट्टी सरळ घालतात तितक्या हलक्या हाताने ते परत आणलं. मैलभर असंच चाललं. पुढे आर्डिस मागे न बघता अंगठा वर करून बसली होती.

बहिणीच्या शेतावर उतरल्यावर घरातून एक ठेंगणी, गोल म्हातारी स्वेटरवर ॲप्रन बांधलेली बाहेर आली. तिने आधी वाकून स्कीचे तळ पाहिले, मग कमलाबाईंचा हात दोन्ही हातांत घेतला आणि डब्यात काय आहे ते विचारलं. तिखट आहे, असं कमलाबाईंनी आधीच बजावलं. दोघी बहिणींनी डोळे पुसत पुसत सगळा रस्सा संपवला आणि पुढच्या रविवारी परत आणायला सांगितलं.